बॉनेट उघडून : ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताना

पाऊस ओसरला की माझ्याकडे पिवळ्या इंजिन लाइटची पत्रं वाढतात. गुडघाभर पाण्यातून गाड्या काढलेल्या असतात, खालच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, ओल गेलेली असते, आणि दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायला जावं तर डॅशबोर्डवर दिवा आधीच लागलेला! या वेळी त्यातली फक्त ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाची, पत्रं घेतली आहेत. कुणी त्याला ओटू सेन्सर म्हणतं, कुणी लॅम्डा, वस्तू एकच. पत्रं थोडी छाटली आहेत, उत्तरं छाटायला जमलं नाही.

प्रश्न : माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक ९८,००० किलोमीटर चालली आहे. इंजिन लाइट लागला म्हणून गॅरेजमध्ये नेली. स्कॅनरवर पी०१३५ कोड आला. ‘दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले, १४,००० होतील’ असं सांगितलं. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे, मीटर हाताळता येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलू शकेन का? आणि दोन्ही बदलावेच लागतात का? – एक वाचक, नाशिक

बदलू शकाल. पण पान्याच्या आधी तो मीटरच बाहेर काढा.

पी०१३५ म्हणजे बँक १, सेन्सर १, हीटर सर्किट. बँक म्हणजे सिलिंडरची रांग; तुमच्या चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला ती एकच. सेन्सर १ हा कॅटकॉनच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा, सेन्सर २ नंतरचा. या कोडात मागच्या सेन्सरचं नावही नाही. त्याच्या हीटरचा कोड पी०१४१ असतो. तो आलेला नसेल तर मागच्याला हात लावायचं कारण काय? ‘जोडीनं बदला’ हा सल्ला ब्रेक पॅडला ठीक आहे, इथे नाही.

दुसरी गोष्ट, हीटर जळालाय असंही हा कोड म्हणत नाही. हीटरच्या वाटेत करंट कुठेतरी अडलाय, एवढंच कॉम्प्युटरला कळलंय. त्या वाटेत फ्यूज आहे, रिले आहे, कपलर आहे, वायर आहे आणि शेवटी हीटर. हीटर लागतो कशाला, तर सेन्सरच्या टोकाचं सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय कामच करत नाही. हीटर बंद असला तर धुराच्या उष्णतेनं टोक तापेपर्यंत गाडी अंदाजपंचे पेट्रोल ओतत राहते. तुमच्यासारखं घर ते ऑफिस पाच किलोमीटर चालवणाऱ्याचं ॲव्हरेज तिथेच पडतं. हायवेवर फरक कळतही नाही.

तर आधी फ्यूज बघा. मग गाडी थंड असताना सेन्सरचा कपलर सोडवा. सेन्सरकडून चार वायरी येतात, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या असतात: बॉशच्या सेन्सरला बहुधा पांढऱ्या, डेन्सोच्या बहुधा काळ्या. त्या हीटरच्या. मीटर ओहमवर लावून त्या दोन पिनांत मोजा. चांगल्या हीटरचं रीडिंग थोडक्या ओहमांपासून पंधराएक ओहमपर्यंत असतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटरवर ‘ओएल’ आलं, म्हणजे आतून तुटलंय. मग सेन्सर बदला, चर्चा संपली. रीडिंग बरोबर असेल तर हीटर शाबूत आहे. आता गाडीकडच्या अर्ध्या कपलरमध्ये बघा: इग्निशन ऑन केल्यावर, काही गाड्यांत इंजिन चालू केल्यावर, एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. दुसरी बाजू अर्थ करायचं काम ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं असतं. व्होल्टच येत नसतील तर हजारो रुपयांचा नवा सेन्सर बसवूनही दिवा तसाच राहणार.

आमच्या उद्यमनगरात हा कोड घेऊन आलेल्या गाडीची मी आधी वायर हातानं चाचपते. कुणीतरी पूर्वी क्लचचं किंवा मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) काम केलेलं असतं आणि सेन्सरची वायर तिच्या क्लिपमध्ये परत अडकवलेली नसते. ती लोंबत सायलेन्सरला टेकते, वरचं कव्हर वितळतं, आतली तार पत्र्याला लागते, फ्यूज उडतो. दुरुस्ती काय? वायरीचा तुकडा आणि एक फ्यूज.

समजा मीटरनं हीटर मेल्याचं सांगितलं. मग सेन्सर विकत घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर वाचून घ्या. षटकोनावर किंवा वायरीच्या वेष्टनावर असतो. तुमच्याच गाडीचा, कपलरसकट येणारा सेन्सर घ्या. तो थोडा महाग पडतो. कपलर नसलेला ‘युनिव्हर्सल’ स्वस्त असतो, पण वायरी तुम्हाला जोडाव्या लागतात, आणि त्या सोल्डर करायच्या नसतात, क्रिंपच करायच्या. कारण मजेशीर आहे. सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो आणि पुष्कळ सेन्सर ही बाहेरची हवा वायरीच्या आतल्या फटीतून ओढतात. सोल्डरनं ती वाट बुजते. याच कारणासाठी कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही की स्प्रे मारायचा नाही.

काढायची पद्धत सांगते. बहुतेक गाड्यांत सेन्सरचा षटकोन २२ चा असतो, आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे. वर वायर असल्यामुळे साधी गोटी (सॉकेट) बसत नाही. बाजूला खाच असलेली सेन्सरची खास गोटी मिळते, ती आणा. उघड्या तोंडाच्या पान्यानं जोर लावू नका. षटकोनाचे कोपरे गोल झाले की पुढे पाइप रेंच, मग छिन्नी, मग शिव्या, या क्रमानं प्रकरण वाढत जातं. नवा सेन्सर हातात आहे आणि जुना मेल्याचं सिद्ध झालंय, तर सरळ जुन्याची वायर कापा; मग २२ ची लांब गोटी किंवा रिंग पाना थेट बसतो. नवा सेन्सर कुरिअरनं यायचा असेल तर मात्र कात्री बाजूला ठेवा.

आदल्या रात्री आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, हात पोळणार नाही इतकं निवू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. कोमट असतानाच आटे सुटतात. पहिला जोर सोडवायच्या नव्हे, आवळायच्या दिशेनं, अगदी किंचित. मग सोडवा. पाव वळसा सुटला की थोडं तेल, परत आवळा, परत सोडवा. एका दमात ओढणाऱ्याच्या हातात सेन्सरबरोबर मॅनिफोल्डचे आटेही येतात, आणि मग १८ चा टॅप असलेला लेथवाला शोधत फिरावं लागतं.

पुढचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत बॉनेटमधूनच हाताला लागतो. कधीकाळी मागचा काढायची वेळ आली तर गाडी उचलावी लागेल, तेव्हा एक सांगून ठेवते: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावा, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. सोसायट्यांच्या पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण गाडीला कळतो.

बसवताना टोकावरची प्लॅस्टिकची टोपी अगदी शेवटी काढा आणि टोकाला बोट लावू नका. आट्यांवर करड्या रंगाचा लेप आधीच लावलेला असतो, तो पुसायचा नाही. नसेल तर सेन्सरसाठीचं अँटी-सीझ फक्त आट्यांवर लावा. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका. आतल्या सिरॅमिकला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. आधी सगळे आटे हातानं जाऊ द्या, मग टॉर्क रेंचनं ४० ते ५० न्यूटन-मीटर, खोक्यावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. कपलर सर्वांत शेवटी जोडा, नाहीतर सेन्सरबरोबर वायर पिळली जाते. आणि ती क्लिप! वायर तिच्या जागी अडकवल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही.

कोड साध्या ब्लूटूथ स्कॅनरनं पुसता येतो. नाही पुसला तरी दोष खरंच गेला असेल तर ओळीनं तीन ड्राइव्ह सायकल (इंजिन सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) नीट पार पडल्यावर दिवा आपोआप विझतो.

जुना सेन्सर कचऱ्यात टाकायच्या आधी त्याचं टोक उजेडात धरून बघा. फिकट करडं-तपकिरी असेल तर तो म्हातारा होऊन गेला. काळी भुकटी असेल तर मिश्रण श्रीमंत चाललंय, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. राखेचा थर असेल तर इंजिन ऑइल पितंय. पांढरी साय दिसली तर कूलंट आत जातोय किंवा कुणीतरी चुकीचा सिलिकॉन गॅस्केट लावलाय. शेवटच्या तिन्हींत मूळ रोग तसाच ठेवून नवा सेन्सर लावलात तर तोही त्याच वाटेनं जाईल.

प्रश्न : सेन्सर पेट्रोलमध्ये रात्रभर भिजवून दात घासायच्या ब्रशनं साफ केला तर परत चालतो, असा व्हिडिओ पाहिला. करून बघू का? – सोलापूर

नका. टोकावर नुसती काजळी असेल तर मिश्रण सुधारून गाडी लांब पिटाळा, ती आपोआप जळून जाते. सेन्सरला खरं मारतात ते सिलिकॉन, ऑइलमधला फॉस्फरस आणि पूर्वी पेट्रोलमध्ये असायचं ते शिसं. हे पेट्रोलनं धुऊन निघत नाहीत. ब्रशनं मात्र टोकावरचा संरक्षक थर नक्की निघतो. व्हिडिओत साफ केल्यावर गाडी चालू झालेली दाखवतात. ती साफ करण्याआधीही चालू होत होतीच की. बंद पडलेला हीटर भिजवून सुरू झाल्याचं कुणी मीटर लावून दाखवलं तर मला जरूर कळवा.

प्रश्न : पी०४२० कोड आला. ऑनलाइन वाचून दोन्ही ऑक्सिजन सेन्सर मागवले आणि मी व मुलानं रविवारी बदलले. काम छान झालं. आठवड्यात तोच कोड परत! सेन्सर डुप्लिकेट निघाले का? – पुणे

सेन्सर बहुधा चांगले आहेत, म्हणून तर कोड परत आला. पी०४२० चा अर्थ कॅटकॉनची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली. ही बातमी मागच्या सेन्सरनं दिली आणि तुम्ही बातमी देणाराच बदललात. नव्यानंही तेच सांगितलं.

आता स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. इंजिन चांगलं तापू द्या, २,५०० आरपीएमला धरा आणि दोन्ही सेन्सरचे व्होल्ट शेजारी शेजारी बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली नाचला पाहिजे. मागचा ०.६-०.७ च्या आसपास संथ राहिला पाहिजे, कारण मधल्या कॅटकॉननं ऑक्सिजनचे चढउतार गिळलेले असतात. मागचाही पुढच्यासारखा नाचत असेल तर कॅटकॉन काहीच गिळत नाही. (पुढे साध्या सेन्सरऐवजी पाच-सहा वायरींचा वाइडबँड असेल तर त्याचे व्होल्ट असे नाचत नाहीत. मागच्याचा नियम मात्र तोच.)

निकाल द्यायच्या आधी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या जोडांशी कान लावा. टिक-टिक आवाज येत असेल तर तिथून धूर गळतोय आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हवा आत ओढली जातेय. सेन्सरला ती ऑक्सिजन म्हणून दिसते. गॅस्केटचं काम कॅटकॉनच्या मानानं फुकटात पडतं.

कॅटकॉनच गेला असेल तर तो का गेला ते आधी शोधा. मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. प्लग-कॉइलचं काम न करता नवा बसवलात तर वर्षभरात परत मला पत्र लिहाल. आणि जुना कॅटकॉन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. ‘हे काय कामाचं तुम्हाला’ असं म्हणत जो तो बाजूला सारतो, त्याला भाव माहीत असतो.

प्रश्न : आमच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यांतलं काहीही नव्हतं आणि ती तीस वर्षं चालली. हा सेन्सर नेमका करतो काय, आणि तो नव्हता तर काय बिघडलं होतं? – निवृत्त शिक्षक, वाई

सर, गाडीचं काही बिघडलं नव्हतं. हवेचं बिघडलं होतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरातले तिन्ही विषारी घटक, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, एकाच कॅटकॉननं एकदम मारायची तर मिश्रण या आकड्याच्या अगदी जवळ ठेवावं लागतं. थोडं श्रीमंत झालं की पहिले दोन सुटतात, थोडं गरीब, म्हणजे पेट्रोल कमी, झालं की तिसरा. कार्ब्युरेटरला एवढी बारीक मापं झेपत नाहीत. म्हणून धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून इंजेक्टरला ‘कमी कर, वाढव’ असं सेकंदासेकंदाला सांगणारा कुणीतरी हवा होता.

सेन्सरच्या टोकात झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं, त्यात थोडं इट्रिया मिसळलेलं. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढे व्होल्ट तयार होतात. श्रीमंत मिश्रणाला ०.९ च्या आसपास, गरिबाला ०.१, आणि मधली उडी ०.४५ ला. या व्होल्टचं गणित वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्येच मांडलं होतं. तुम्ही शिक्षक म्हणून आणखी एक सांगते: याच नर्न्स्टनं १८९७ च्या सुमारास झिर्कोनिया-इट्रियाची कांडी तापवून प्रकाश देणारा विजेचा दिवा केला होता. दिवा बाजारातून गेला. मिश्रण मात्र तुमच्या नातवाच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसलं.

बॉशनं हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीला दिला, कॅलिफोर्नियाचे कडक नियम पार करायला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन आणि बिनशिशाचं पेट्रोल आलं. शिशाचं पेट्रोल देशभरात बंद व्हायला २००० साल उजाडलं. त्यानंतरच सेन्सरला आपल्याकडे खरं आयुष्य मिळालं. मागचा दुसरा सेन्सर इंजिन चालवायला नसतो. तो कॅटकॉनवर पाळत ठेवतो.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो. २०१२ ची टोयोटा सिएना, व्ही-६. पी००३१ आला. समोरून दिसणारा पुढचा सेन्सर बदलला, कोड गेला नाही. आता इन्स्पेक्शन तोंडावर आहे. शिवाय पुढचा सेन्सर काढतानाच गंजानं घाम फोडला होता. काय करू? – एक वाचक, एडिसन

सेन्सर चुकीच्या बाजूचा बदलला गेला. व्ही-६ ला दोन बँक असतात, आणि रेडिएटरकडे दिसते ती पहिली असं बऱ्याच जणांना वाटतं. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक १. तुमच्या सिएनात ती मागची, फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची). पी००३१ बँक १ चा आहे. समोरच्या बाजूसाठी पी००५१ आला असता. काढलेला जुना सेन्सर जपून ठेवा. मीटरवर हीटर बरोबर दाखवत असेल तर तो चांगलाच आहे.

दुसरं, मागवताना नीट वाचा. तुमच्या गाडीत कॅटकॉनच्या आधी साधा ऑक्सिजन सेन्सर नाही, एअर-फ्यूएल रेशो सेन्सर आहे. दिसायला सारखा, आतून वेगळा. तिथे साधा बसवलात तर आटे बसतील, गाडी बसणार नाही. पुष्कळ दुकानांच्या संकेतस्थळांवर दोन्ही एकाच यादीत येतात. बॉक्सवर ‘अपस्ट्रीम, बँक १’ असं बघा, आणि पार्ट नंबर गाडीच्या व्हीआयएनवरून (चासी नंबरवरून) काढा.

फायरवॉलच्या बाजूला हात जायला अवघड आहे. वायपर आणि त्याखालचं काउल काढलं तर वरून जागा होते. अर्धा दिवस जातो पण मान मोडत नाही. लांब एक्स्टेंशन, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट शक्यतो नको, कारण जोर तिरका लागतो. सेन्सरची गोटी विकत घ्यायची गरज नाही, तुमच्याकडची पार्टची दुकानं डिपॉझिट घेऊन अवजार उसनं देतात. आमच्याकडे कुणी देत नाही, एवढं मात्र हेवा वाटण्यासारखं आहे.

गंजाचं म्हणाल तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागातल्या गाड्यांना नाशिककरांना सांगितलेली एका रात्रीची तेलपाणी पुरत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी, गाडी निवल्यावर, तेल सोडत जा. तापलेल्या पाइपवर मारू नका, ते पेट घेतं. सेन्सर निघाल्यावर आट्यांत १८ बाय १.५ चा थ्रेड चेझर हातानं फिरवून गंज काढा, मगच नवा लावा. जोर लावूनही पाव वळसासुद्धा सुटत नसेल तर थांबा आणि टॉर्चनं तापवून काढणाऱ्याकडे गाडी न्या. इंधनाच्या नळ्यांजवळ घरी ज्योत लावायची नाही.

इन्स्पेक्शनबद्दल. आदल्या दिवशी कोड पुसून जायची युक्ती चालत नाही. कोड पुसला की गाडीचे सगळे रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे होतात आणि तिथल्या मशीनला ते लगेच दिसतं. २००१ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना जास्तीत जास्त एक मॉनिटर अपुरा असलेला चालतो. सेन्सर बदलून आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, थंड इंजिनानं सुरुवात करून हायवेवर संथ वेगाची एखादी लांब फेरी मारा, टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, आणि जाण्याआधी स्वतःच्या स्कॅनरवर मॉनिटर बघा.

प्रश्न : ताई, यजमानांनी मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक लोखंडी नळकांडं बसवून घेतलं. इंजिन लाइट गेला म्हणून ते खूश आहेत. पण घाटात गाडी चढवताना आता सडलेल्या अंड्यांसारखा वास येतो. ते म्हणतात, तुझं नाक तिखट आहे. – कणकवली

नाक तिखटच राहू द्या, ते बरोबर आहे.

त्या नळकांड्यामुळे सेन्सर धुराच्या प्रवाहातून मागे सरकतो आणि कॅटकॉन चांगला असल्याची खोटी ग्वाही देतो. दिवा विझवलाय, आजार नाही. अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात असेल आणि घाटातल्या चढाला कॅटकॉन तापला असेल तेव्हा येतो. म्हणजे गाडी श्रीमंत चाललीय. पुढचा सेन्सर मंदावला असेल, एखादा इंजेक्टर गळत असेल, किंवा पेट्रोलचा दाब जास्त असेल. यजमानांना सांगा, स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्यूएल ट्रिम’ बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा. ते शून्याच्या बरंच खाली, उणे दहाच्याही पलीकडे असेल तर इंजिन सारखं पेट्रोल कमी करायचा प्रयत्न करतंय आणि तरीही पुरत नाहीये, असा अर्थ.

तोवर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. असा कॅटकॉन फार तापतो, आणि दिवाळीनंतर तुमच्याकडे गवत कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. नळकांडं काढून टाका. पीयूसीवाल्यानं पास केली, हे उत्तर मला नको. तिथे गाडी जागेवर उभी असते, घाटात नसते.

प्रश्न : बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. अलीकडे पेट्रोलवर टाकली की मिसिंग होते, पी०१७१ येतो. दोघांनी दोन कारणं सांगितली: एकाच्या मते ई-२० पेट्रोलनं ऑक्सिजन सेन्सर खाल्ला, दुसऱ्याच्या मते सेन्सर मूळचाच खराब. बदलायला घेऊ का? – पिंपरी

सेन्सरसाठी खिसा अजून उघडू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण गरीब आहे असं सेन्सर सांगतोय. तो खोटं बोलतोय की नाही हे तपासणं सोपं आहे: गरम इंजिनात ॲक्सिलरेटरला झटका द्या, व्होल्ट ०.८ च्या वर गेले पाहिजेत. एखादी बारीक व्हॅक्यूम नळी क्षणभर सोडा, ते झटकन खाली आले पाहिजेत. दोन्ही झालं तर सेन्सर जिवंत आहे.

ई-२० मध्ये असतं त्या २० टक्के इथेनॉलनं सेन्सर खराब होत नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे ई-२० ला पूर्ण जळायला हवा कमी, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त लागतं: १४.७ च्या जागी साधारण साडेतेराला एक. सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इंधन थोडं वाढवतो. पण ज्या गाडीचा फिल्टर तुंबलाय किंवा इनटेकमधून हवा गळतेय, ती आधीच काठावर असते, आणि ई-२० तिला काठावरून ढकलतं.

तुमच्या बाबतीत मला संशय किटवर आहे. सीएनजीवर चालतानाही पेट्रोलचा ईसीयू सेन्सर वाचून आपलं ट्रिम शिकत राहतो. किटचं ट्यूनिंग श्रीमंत झालं असेल तर तो ‘कमी कर’ शिकतो, आणि तुम्ही पेट्रोलचं बटण दाबलं की तेच शिकलेलं पेट्रोलला लावतो. मग पेट्रोल अपुरं पडतं, कोड येतो. म्हणून सीएनजीवर असताना आणि पेट्रोलवर असताना लाँग टर्म ट्रिमचे आकडे वेगवेगळे लिहून काढा, ते घेऊन किटवाल्याकडे जा आणि लॅपटॉप लावून, गाडी रस्त्यावर चालवून ट्यून करायला सांगा. जागेवर उभी करून केलेलं ट्यूनिंग धरू नका. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि सीएनजीचा फिल्टर शेवटचा कधी बघितला होता, तेही विचारा. त्यानंतर काही दिवस मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे ईसीयू नव्यानं शिकेल.

प्रश्न : बीएस-६ स्कूटरचा ऑक्सिजन सेन्सर अशाच पद्धतीनं काढता येतो का? – मिरज

पद्धत तीच, माप वेगळं. दुचाकीचा सेन्सर लहान असतो, आटेही बारीक, त्यामुळे मोटारीसाठी सांगितलेला २२ चा पाना आणि ४०-५० चा टॉर्क दोन्ही विसरा; तेवढ्या जोरात आवळलात तर आटे जातील. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि धुताना प्रेशरचं पाणी थेट त्या कपलरवर मारणं बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या स्कूटरचं निम्मं काम तिथेच असतं: कपलर उघडायचा, वाळवायचा, पिना बघायच्या, परत लावायचा.